शनिवारची आठवण: जुने फोटो शोधून ठेवा!

मंडळी, या शनिवारी ११ वाजता ऑप्री मिल्स मॉलच्या फूड कोर्टात भेटायचंय. शॉपिंगला नाही हं, नॅशव्हिलच्या त्याच जागेवर १९७२ ते १९९७ ऑप्रीलँड हे मनोरंजन पार्क होतं त्याच्या गप्पा मारायला. वॉबॅश कॅननबॉल रोलर कोस्टरचे ते दोन कॉर्कस्क्रू (उलटं फिरवणारी पिळदार वळणं) आठवतात का, माझा चष्मा तिथेच उडाला आणि आई खाली सगळ्यांचे स्वेटर सांभाळत उभी... २००० मध्ये मॉल उघडला, मला अजून पटलेलं नाही, बायको म्हणते सेल मात्र मस्त असतात. ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाची इमारत शेजारी आहेच, ग्रुप फोटो तिथेच काढू. अल्बम, जुनी तिकिटं काही सापडलं तर आणा, नाहीतर मोबाइलवर फोटो चालेल. कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत टाका, गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत.