लिव्हर बदललेल्या पेशंटचा बीपी कोण बघणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या मेहुण्यांचं लिव्हर हिपॅटायटिस सी या व्हायरसमुळं गेलं, परभणीहून पुण्याला नेऊन ट्रान्सप्लांट केलं. लिव्हर आता चांगलं चाललंय, पण बीपी आणि शुगर दोन्ही वाढलेत आणि इकडं दवाखान्यात दाखवलं की "तुमचं पुण्याला चालू आहे ना, तिकडंच विचारा" म्हणून परत पाठवायलेत, म्हणून हे पत्र लिहायलोय.

ऑपरेशनच्या वेळी रक्तात व्हायरस असला तर तो नव्या लिव्हरमधेही परत येतो. आता त्यावर सोफोसबुवीर आणि जोडीच्या गोळ्या आहेत, १२ ते २४ आठवडे घ्याव्या लागतात, बहुतेकांचा व्हायरस पूर्ण जातो. २०१८ पासून केंद्राच्या कार्यक्रमात हिपॅटायटिस सी ची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, ही खरंच मोठी गोष्ट आहे.

पण व्हायरस गेला म्हणजे सगळं मिटलं असं नाही. नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस सारखी गोळी रोज घ्यावी लागते, ती मनानं बंद करता येत नाही, आणि तिच्यानं बीपी, शुगर वाढते, किडनीवर ताण येतो, सोबत स्टेरॉइड असलं तर अजूनच. वरून व्हायरस अंगात असताना कोलेस्ट्रॉल कमी दिसतं आणि तो गेला की वाढतं, त्यामुळं जुना रिपोर्ट दाखवून "मला कोलेस्ट्रॉल नाही" म्हणण्यात अर्थ नाही. ट्रान्सप्लांटनंतर काही वर्षांनी जे पेशंट दगावतात त्यात हार्टचा आजार हे एक मोठं कारण आहे, हे डिस्चार्जच्या वेळी आम्हाला कुणी नीट बसून सांगितलंच नाही.

आणि आपल्याकडचं प्रेम तर माहितीच आहे तुम्हाला, माणूस बरा होऊन आला की ज्याच्या घरी जाईल तिथं तूप, पुरणपोळी, पापड, लोणचं. आधी पोटात पाणी व्हायचं म्हणून मीठ बंद होतं, आता भूक लागते, वजन वाढतंय, घरच्यांना वाटतं तब्येत सुधरली. अंग दुखलं की गावात डायक्लोचं इंजेक्शन देतात, टॅक्रोलिमस चालू असताना ते किडनीला लई घातक. हार्टच्या ठोक्यासाठी अमिओडारोन चालू असेल तर सोफोसबुवीर सुरू करायच्या आधी सांगायलाच पाहिजे, दोन्ही एकत्र झाले तर ठोके धोकादायक कमी होऊ शकतात.

बीपी-शुगर तर जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात रोज तपासतात, मग ट्रान्सप्लांटवाल्याला तिथंच दर महिन्याला बीपी, शुगर आणि डॉक्टर सांगतील तेव्हा कोलेस्ट्रॉल बघून कार्डावर लिहून द्यायला काय हरकत आहे? औषध बदलायचं ते पुण्या-हैदराबादच्या डॉक्टरांना फोनवर विचारून बदलावं, पण नुसतं बीपी मोजायला पेशंटनं रात्रभर प्रवास का करायचा? मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी असा लेखी आदेश काढावा, आणि आपल्या पेपरनं त्यांना हे विचारावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, जि. परभणी