सात नंबरच्या रॅटचे दात बघ

बाळा,

काल फोनवर म्हणालीस ना, बाबा दह्यातलाच तर जंतू आहे, सुरक्षित आहे का बघायला ९० दिवस पाजून रॅटला काय होणार, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. अगं घरच्या दह्यातला वेगळा, तुमचा स्ट्रेन, म्हणजे जंतूचा वाण, वेगळा, आणि डोस अब्जांत. २००८ ला नेदरलँड्सच्या ट्रायलचा रिझल्ट आला, स्वादुपिंडाला जोराची सूज आलेल्या पेशंट्सना प्रोबायोटिक, म्हणजे असेच 'चांगले' जिवंत जंतू, दिलेलं, त्यातले १६ टक्के गेले आणि जंतू नसलेली पावडर घेणाऱ्यांतले ६ टक्के. चांगला जंतू म्हणून कुणी सोडून द्यायचा नसतो.

गॅव्हाजची, म्हणजे तोंडातून थेट पोटात डोस सोडायची, सुई तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापतेस ना? वजन वाढतं तसं मापही बदलतं. रॅट गिळलं की सुई आपसूक खाली जाते, अडली तर जोर लावायचा नाही, बाहेर काढायची. माझ्या पहिल्या वर्षी मी जोर लावला. डोस श्वासनळीत गेला, नाकातून पांढरं पाणी आलं, पाय ताणले आणि हातातच गेलं ते. सिनियर म्हणाले "मेलेलं सापडलं" एवढंच लिही, मी लिहिलं. झालं, सगळ्यात जास्त डोसच्या ग्रुपमध्ये एक मृत्यू, फुप्फुसं कुणी उघडून बघितली नाहीत, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला कसं कळणार की हात माझा चुकला होता. एक जीव गेला तो गेलाच वर खोटं बोलून गेला. तुझा हात चुकला तर तसंच लिही, कुणी काही म्हणो.

शेवटच्या दिवशी जंतू आतड्याची भिंत ओलांडून गेला का ते बघायला लिव्हर, प्लीहा, आतड्यालगतच्या गाठी जंतू वाढवायच्या प्लेटवर टाकाल तेव्हा रॅटचे केस आधी अल्कोहोलने भिजवा, कात्री बदला, आतड्याला सगळ्यात शेवटी हात लावा. नाहीतर प्लेटवर जंतूंची कॉलनी येईल बाहेरची आणि नाव जाईल स्ट्रेनचं.

आमच्याकडे मुंबईच्या पावसात लाईट जाऊन एसी बंद पडला की सगळ्याच पिंजऱ्यांतलं खाणं कमी व्हायचं, कंट्रोलवाल्यांचंही, म्हणजे ज्यांना जंतू दिलाच नाही त्यांचंही, म्हणून कंट्रोलचा खुराक तेवढ्याच मन लावून मोजायचा, नाहीतर दोष डोसला जातो.

आणि ते सात नंबरचं, वजन उतरतंय म्हणालीस. डोसला दोष द्यायच्या आधी पुढचे दात बघ, वाकडे वाढले असले तर त्याला खाताच येत नसेल बिचाऱ्याला. बघून आजच फोन कर, मी अकरापर्यंत जागा आहे.

बाबा