‘पारंपरिक’ म्हणून दिलेल्या चिजेबद्दल

आदरणीय ताई,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे, कारण समोरासमोर आभारांचा विषय काढला की तुम्ही तानपुरा जुळवायला घेता, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

पंधराव्या वर्षी माझा आवाज फुटला. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावायला गेलो की तो चिरकायचा आणि वर्गातल्या लहान मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. गाणे सोडण्याच्या विचारात असताना तुम्ही मला पूरिया रागातली मध्यलय तीनतालातली एक चीज, म्हणजे बंदिश, दिलीत. मारवा, सोहनी आणि पूरिया या रागांचे स्वर तेच. पण सोहनी तार सप्तकाकडे झेपावते, तर पूरिया मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकांत रमतो. त्या चिजेचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, मंद्र निषादाच्या आसपासच घोटाळत असे आणि अंतराही तार षड्जाला जेमतेम शिवून लगेच खाली उतरे. पुढची दोन वर्षे मी तिच्याच आधाराने तग धरला. चीज कोणाची, असे विचारले तेव्हा तुम्ही ‘पारंपरिक आहे’ एवढेच म्हणालात.

पुढे एका घरगुती बैठकीत मी ती गायलो आणि विचारणाऱ्यांना तेच उत्तर दिले. तेव्हा तुमचे एक गुरुबंधू हसले आणि म्हणाले, “अरे, ही तुझ्या ताईंची. केली त्याच आठवड्यात मला ऐकवली होती. फुटलेल्या गळ्याच्या एका मुलासाठी करते आहे, म्हणाल्या.” माझ्या आवाजाचे माप घेऊन शिवलेली वस्तू मी इतकी वर्षे दुकानातली तयार समजून वापरत होतो.

या बाबतीत माझी तुमच्याशी थोडी तक्रारही आहे. बंदिशीत रचनाकाराने आपली मुद्रा, म्हणजे टोपणनाव, घालणे आपल्या संगीतात कधीच अहंकाराचे मानले गेले नाही. फैयाज खाँसाहेब ‘प्रेमपिया’ होते, जोगकंस राग देणारे जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ होते. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी ठिकठिकाणांहून मिळवलेल्या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, पण रागांची लक्षणे सांगणाऱ्या स्वतःच्या लक्षणगीतांत ‘चतुर’ हे नाव ठेवलेच. आणि त्यांचे शिष्य रातंजनकर (१९००–१९७४), जे तुमच्यासारखेच आयुष्यभर शिकवत राहिले, ते आपल्या रचनांत ‘सुजान’ म्हणून भेटतात. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी तर स्वतःच्या बंदिशी मैफलीत गाऊन त्या लोकांच्या ओठी रुजवल्या. तुमच्या रचना मात्र विद्यार्थ्यांच्या वह्यांत विखुरलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक माझ्यासारखेच कोणीतरी ‘पारंपरिक’ म्हणून गात असणार.

याच्या अगदी उलट तुम्ही माझ्या पहिल्या बंदिशीबाबत वागलात. बिहाग रागातली ती ओळ होती, ‘रैन उजेरी चाँद को निहारत’. मी ती तीनतालाच्या सोळा मात्रांतल्या सहाव्या मात्रेपासून उचलली होती, त्यामुळे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ‘को’वर आणि तीही धैवतावर पडत होती. तुम्ही हातावर टाळी धरून दोनदा म्हणून पाहिलीत आणि विचारलेत, “‘को’वर कोण बसेल रे? आणि बिहागात धैवत जाता-येता भेटणारा. त्याला समेवर कशाला बसवतोस?” मग उचल नवव्या मात्रेवर, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या ‘खाली’च्या मात्रेवर नेलीत. अवघ्या तीन मात्रा ओळ पुढे सरकली आणि ‘चाँद’चा आकार नेमका समेवर, गंधारावर, येऊन उघडला. एक शब्दही बदलावा लागला नाही. दुरुस्ती तुमची असूनही माझ्या वहीत वरच्या कोपऱ्यात तुम्ही स्वतःच्या हाताने माझे नाव लिहिलेत आणि खाली तारीख घातलीत.

आता मीही शिकवतो. पूरियातली ती चीज देताना मुलांना आधी तुमचे नाव लिहायला सांगतो, मग शब्द. तुमची परवानगी घेतलेली नाही, आणि मागणारही नाही. गळा फुटलेला एक मुलगा सध्या माझ्याकडेही आहे. त्याच्यासाठी मुलतानीत काहीतरी जुळवतो आहे. स्थायी झाली, अंतरा अडला आहे. रविवारी वही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ विद्यार्थी