मिसिंगच्या तक्रारींवर बाहेरची नजर हवी

संपादक महोदय,

माणूस हरवला की पोलीस स्टेशनात अजूनही ऐकायला मिळतं, '२४ तास थांबा, येईल घरी', पण असा कुठलाच नियम नाहीये. लहान मूल हरवलं तर थेट गुन्हा नोंदवा हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय, मोठ्या माणसाची मात्र नुसती मिसिंग लिहून घेतात आणि पुढे घरच्यांनीच खेटे घालायचे. अश्विनी बिद्रे तर स्वतः पोलीस अधिकारी होत्या, एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या, अपहरणाचा गुन्हा नोंदवायला २०१७ उजाडलं आणि शेवटी खुनात दोषी ठरला तो खात्यातलाच वरिष्ठ. मग भांडुपच्या चाळीतल्या बाईची काय कथा!

राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे (किती जणांना माहितीये देव जाणे), पण तिथे आपण गेलो तर पुढचं. त्यापेक्षा प्रत्येक मिसिंगची फाईल आठवड्याभरात आपोआप खात्याबाहेरच्या माणसाकडे जाऊ दे ना, सीसीटीव्ही कधी मागवला, फोनचं लोकेशन कधी काढलं हे त्याने तारखेनिशी बघावं आणि घरच्यांना लेखी कळवावं. फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून आठवडा म्हणतोय.

- एक वाचक, भांडुप