मुख्याध्यापक होण्याआधी शिकायला वेळ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

खासगी शाळांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक व्हायला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातली किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची हवीत. हे ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातला सेवाज्येष्ठ त्या खुर्चीत बसतो. शाळा चालवण्याचा अभ्यास केलेला असावा, अशी अट कुठेच नाही. सेवाज्येष्ठतेला माझा विरोध नाही. तिने वशिल्याला आळा घातला आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण शुक्रवारपर्यंत नववीला बीजगणित शिकवणारी व्यक्ती सोमवारी शिक्षक, शिपाई, पोषण आहार, यू-डायस (शाळेची माहिती भरायची सरकारी प्रणाली), पालक आणि संस्थाचालक या सगळ्यांना उत्तरदायी होते. मधल्या शनिवार-रविवारात ती काय शिकणार?

मी सिन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत आले, आता तिथेच मुख्याध्यापिका आहे. पर्यवेक्षिका असताना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली, पुढे शिक्षणशास्त्रात एम.ए. केले. एम.एड. करता आले नाही, कारण 2015 पासून तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला होता आणि नोकरी करणाऱ्याला एवढी रजा कोण देणार? त्यामुळे रविवारी नाशिकच्या अभ्यासकेंद्रात संपर्कसत्र आणि रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर स्वाध्याय, असे शिक्षण झाले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांना सांगावेसे वाटते. पदव्युत्तर पदवी म्हणजे निवडश्रेणीसाठीचा, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीसाठीचा, कागद, असा समज शिक्षकांतही आहे आणि बाहेरही.

संशोधन प्रकल्पासाठी मी आठवी-नववीची हजेरी हा विषय घेतला. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. त्या दिवसांत हजेरी गळते, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. शाळेच्या मासिक अहवालात मात्र सरासरी हजेरी जाते आणि सरासरी कधीच फार वाईट दिसत नाही. मार्गदर्शक बाईंनी सांगितले, ‘सरासरी बाजूला ठेवा, एकेका मुलीची ओळ वाचा.’ तशी हजेरीपत्रके मांडली तेव्हा दिसले, की गैरहजेरी सगळ्या वर्गाची नसून ठरावीक मुलींची आहे आणि त्याच मुली दरवर्षी त्याच आठवड्यांत नसतात. घरी जाऊन बोलले. निम्म्या जणी रोजंदारीने लागवडीला जात होत्या. बाकीच्या घरीच होत्या, आई वाफ्यावर गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळत. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालताना आठवीच्या वर्गात कोण नाही, हे त्यानंतर मला नावानिशी माहीत असायचे.

दोन कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. भावंडांसाठी अंगणवाडीताईंशी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या मातांशी बोलून लागवडीपुरती वेळ जुळवली. कामाला जाणाऱ्या मुलींसाठी जानेवारीतली घटक चाचणी पुढे नेली आणि बुडालेल्या घटकांचे तास शाळा भरण्याआधी ठेवले. सगळ्या मुली परत आल्या, असे मी म्हणणार नाही. पण पूर्वी जानेवारीत सुटलेली मुलगी दहावीपर्यंत गणितात मागेच राहायची, ते थांबले. हे करायला निधी लागला नाही. प्रश्न नेमका कसा विचारायचा हे शिकायला मात्र दोन वर्षे लागली.

दुसरा बदल शिक्षकांच्या बाबतीतला. मुख्याध्यापकाने तास पाहायचा आणि लॉगबुकमध्ये शेरा लिहायचा, ही जुनी पद्धत. ‘अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुधारावे’, खाली सही. या ओळीने कोणाचे शिकवणे सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पदविकेच्या अभ्यासात मार्गदर्शनपर पर्यवेक्षण हा घटक होता. त्यातले एक मी शाळेत जसेच्या तसे आणले: आधी शिक्षकाला विचारायचे, ‘या तासाला मी काय पाहू?’ मग तेवढेच पाहायचे, मुले काय बोलली ते लिहायचे आणि त्याच दिवशी दोघांनी बसून वाचायचे. सुरुवात माझ्या स्वतःच्या तासापासून केली. अपूर्णांकांच्या भागाकाराला विज्ञानाचे सर मागच्या बाकावर वही घेऊन बसले. मुख्याध्यापिकेच्या तासाची नोंद दुसरा कोणी घेऊ शकतो हे पाहिल्यावर इतरांनी आपणहून वर्गाची दारे उघडली. शिक्षक-कक्षात आता बदल्या आणि महागाई भत्त्याच्या जोडीला पाचवीच्या वाचनाचीही चर्चा असते. मला याचे फार मोल वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. चांगलीच आहे. परंतु हे तास बहुधा मोबाइलवरच्या चित्रफिती आणि शेवटी डाउनलोड होणारे प्रमाणपत्र यांत संपतात. आपल्याच शाळेतला एक प्रश्न दोन वर्षे मनात घेऊन राहणे, त्यावर वाचणे, लिहिणे, मार्गदर्शकाने सांगितल्यावर परत लिहिणे हे काम वेगळे आहे. वरिष्ठ वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणात ते होत नाही.

म्हणून शिक्षण विभागाला विनंती, की सेवाज्येष्ठता यादीत पुढच्या काही वर्षांत ज्यांची मुख्याध्यापकपदाची पाळी येणार आहे, त्यांना ती येण्याआधीच शाळा नेतृत्वाच्या अभ्यासक्रमाला पाठवावे आणि शुल्क शासनाने भरावे. त्यांच्या प्रकल्पाचा विषय त्यांच्याच शाळेतला असावा आणि तो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाचला जावा. आज असे प्रकल्प कपाटात जातात. आमचा हजेरीचा अनुभव शेजारच्या कांदा पिकवणाऱ्या गावांतल्या शाळांना तसाच्या तसा उपयोगी पडला असता. शिवाय उच्च शिक्षणाच्या पूर्वपरवानगीला मुदत ठरवून द्यावी. प्रवेशाची तारीख उलटून गेल्यावर आलेल्या परवानगीचा शिक्षकाला काय उपयोग?

आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचा एम.ए. (शिक्षणशास्त्र) प्रवेशाचा अर्ज मी शिफारशीसह वर पाठवला आहे. त्यांना आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या लेखनावर काम करायचे आहे. प्रवेशाची मुदत संपण्याआधी त्यांना उत्तर मिळावे.

आपली,
एक मुख्याध्यापिका
ता. सिन्नर, जि. नाशिक