अँथ्रोपॉलॉजी काय फक्त यूपीएससीवाल्यांसाठी आहे का?

संपादक महोदय, स. न.

बारावीचा रिझल्ट लागला की पेपरात करिअरच्या पुरवण्या सुरू होतात, त्यात आर्ट्सवाल्यांच्या वाट्याला सायकॉलॉजी, मास मीडिया आणि शेवटी स्पर्धा परीक्षा, बास. अँथ्रोपॉलॉजीचं, म्हणजे मानववंशशास्त्राचं, माणसाच्या आणि त्याच्या समाजांच्या अभ्यासाचं नाव निघालंच तर यूपीएससीचा ऑप्शनल म्हणून, दोन पेपर, 500 मार्क, स्कोअरिंग आहे म्हणे. म्हणजे पोरगं आधी इंजिनिअर होणार, मग क्लासची फी भरणार आणि तेव्हा कुठे त्याला कळणार की असा एक विषय असतो.

माझी भाची कॅलिफोर्नियातच वाढली, ती तिथल्या कम्युनिटी कॉलेजात हा विषय घेऊन शिकतेय. दोन वर्षांचं कॉलेज म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांनी नाकं मुरडली, म्हणजे आपलं अकरावी-बारावीच ना, त्यासाठी अमेरिका कशाला. तसं नाहीये हो. ही डिग्रीचीच पहिली दोन वर्षं असतात, साधारण 60 युनिट (आपल्याकडे क्रेडिट म्हणतात तसं) पूर्ण करायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची. तिथल्या रहिवाशांना फी युनिटमागे 46 डॉलर. आणि कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या सरकारी युनिव्हर्सिटीत धरला जातो हे ‘असिस्ट’ नावाच्या साइटवर कोर्सवार लिहिलेलं असतं, आधी बघायचं मग विषय घ्यायचे, ऑफिसच्या खिडकीत कुणाच्या मिनतवाऱ्या नाहीत.

शिकवतातही नीट. बायॉलॉजिकल अँथ्रोपॉलॉजीला लॅब आहे, कवट्यांचे साचे हातात देतात, आणि कवटीच्या बुडाला मणका जिथे जोडतो ते भोक मागे आहे की मधोमध यावरून तो प्राणी दोन पायांवर चालायचा का ते ओळखायचं. मग कल्चरलच्या कोर्सला घराण्याचा तक्ता, पुरुष त्रिकोण, बाई गोल, लग्न झालं की मधे बरोबरचं चिन्ह. त्यासाठी तिने आमच्या आईला फोन लावला, तर आईने आपल्या आजेसासऱ्यांच्या दोन बायका, मामेबहिणीशी झालेलं एक लग्न आणि कुणी कधीच न उच्चारलेलं एक दत्तक प्रकरण असं सगळं एका बैठकीत बाहेर काढलं. आम्हाला घरात राहून माहीत नव्हतं!

आता गंमत बघा, 1886 साली अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी निघाली ती या मुंबईत. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठातलेच, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी. आणि आज इथल्या बहुतेक कॉलेजांत बीएच्या मुलाला हा विषय भेटतो तो सोशॉलॉजीच्या एखाद्या टॉपिकात, खरं शिकायचं तर ग्रॅज्युएशननंतर एमएला पुण्याला जा. फील्डवर्कला लांब जायला नको, वरळी-वेसाव्याचे कोळीवाडे आहेत, आरेतले पाडे आहेत, कान्हेरी तर बोरिवलीहून हाकेच्या अंतरावर.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) आहे, मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणारी क्रेडिट बँक आहे, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. मग दोन-चार कॉलेजांनी मिळून पहिल्या दोन वर्षांत अँथ्रोपॉलॉजीचा मायनर का काढू नये? आणि विद्यापीठाने आधीच यादी लावावी की हे क्रेडिट तिसऱ्या वर्षाला कुठे कुठे चालतील, नाहीतर बँकेत जमा आहेत पण वटत नाहीत असं व्हायचं. शिकवायला माणसं मिळतील, पुण्याहून एमए करून मुलं बाहेर पडतायतच, त्यांना नुसत्या क्लासवाल्यांच्या दारात कशाला उभं करायचं.

– एक पालक, मुलुंड (पूर्व)