पाणी किती पितो ते बघ

शिरपूर, १४ एप्रिल

चि. मयूर यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मिनी एसीची लिंक बघितली. साडेसतराशे रुपये, वर 'फक्त ३ शिल्लक' आणि शेजारी उलटं पळणारं घड्याळ. ते पान बंद करून परत उघड, घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवरून सुरू होतं. पैसे तुझे आहेत, घ्यायचं की नाही ते तूच ठरव. पण आधी एवढा हिशेब करून बघ.

खोलीतली उष्णता नाहीशी होत नाही, ती कुठेतरी न्यावी लागते. घरगुती यंत्रांत त्याच्या दोनच वाटा. एक तर काँप्रेसर ती गोळा करून बाहेर फेकतो, नाहीतर पाण्याची वाफ होताना ती वाफेसोबत जाते. ज्याला काँप्रेसर नाही आणि ज्याची गरम हवा भिंतीपलीकडे जात नाही, तो एसी नव्हे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. खरा पोर्टेबल एसी पंचवीस-तीस किलोचा असतो, हजारच्या आसपास वॅट खातो आणि त्याच्या मागची जाड नळी खिडकीबाहेर काढावी लागते. तुझ्या डब्याचं वजन ७०० ग्रॅम, आणि तो चालतो मोबाइलच्या चार्जरवर: ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॅट.

मग राहिलं पाणी. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तासाला १ लिटर पाणी उडालं तर ६७० वॅटचा गारवा मिळाला. जाहिरातीत लिहिलंय, टाकी ५०० मिलिलिटर आणि एकदा भरली की ८ तास. म्हणजे तासाला जेमतेम ६२ मिलिलिटर, म्हणजे फार तर ४२ वॅट. एक टनाचा एसी खोलीतून ३,५०० वॅट उष्णता काढतो. माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या अंगातून शंभरेक वॅट बाहेर पडतात. हा डबा तुझ्या एकट्याच्या अंगाची उष्णताही पुरती काढणार नाही, वरचा तापलेला स्लॅब तर सोडूनच दे. म्हणून कुठलाही कूलर बघताना पहिला प्रश्न हाच विचार: तासाला पाणी किती पितो?

'खोली १५ अंशांनी गार' असं दाखवणाऱ्या व्हिडिओत थर्मामीटर कुठे धरलाय ते नीट बघ. जाळीच्या तोंडाशी असतो. तीन फुटांवर धरला तर काहीच दिसत नाही, म्हणून तिथे धरत नाहीत.

टाकीत बर्फ टाका म्हणतात, तेही मोजून बघ. अर्धा किलो बर्फ वितळून त्याचं पाणी खोलीइतकं गरम व्हायला दोनशे-सव्वादोनशे किलोज्यूल लागतात. तासाभरात संपला तर साठेक वॅट. तेवढंच पाणी वाफ झालं तर १,२०० किलोज्यूल घेऊन जातं. शिवाय बर्फ करताना फ्रिज मागच्या जाळीतून त्याहून जास्त उष्णता सोडतो. फ्रिज त्याच खोलीत असेल तर धंदा तोट्याचाच.

जे डबे धुकं उडवतात त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांच्यात एक चकती थरथरून पाण्याचे बारीक थेंब करते. बोअरचं जड पाणी घातलं की क्षारही हवेत उडतात आणि लॅपटॉपवर, पुस्तकांवर पांढरी भुकटी बसते. गळ्यातले पंखेही तसेच. बाहेर ४० अंशांच्या वर असताना नुसता पंखा गरमच हवा मारतो आणि अंग उलट तापतं. जागतिक आरोग्य संघटनाही ४० च्या खालीच पंखा वापरा असं सांगते. थंड पत्री लावलेला गळपट्टा मिळतो, त्याची पत्री तेवढी गार लागते, पण तिची दुसरी बाजू तुझ्या कॉलरपाशीच गरम हवा सोडते. त्यात लिथियमची बॅटरी असेल तर 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोध आणि भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघ. क्रमांक नसेल तर उशाशी चार्जिंगला लावायची वस्तू नाही ती.

आता उपयोगाचं. तुझ्या खोलीला खरा कूलरच लागेल, आणि आपल्याकडे तो चालतो, कारण हवा कोरडी आहे. मे महिन्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली की पाण्याने हवा जास्तीत जास्त २२-२३ पर्यंत उतरू शकते. कूलरची चांगली ओली जाळी त्यातला ऐंशी टक्के पल्ला गाठते, म्हणजे २७ च्या आसपास हवा येते. पावसाळ्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता झाली की तीच जाळी तीसच्या खाली जात नाही, आणि अंग चिकट होतं ते वेगळं. हवा पुरेशी कोरडी आहे का हे कळायला यंत्र लागत नाही, माठाकडे बघ. पाझरणाऱ्या माठातलं पाणी गार लागतंय तोवर कूलर चालणार. श्रावणात माठ गार होत नाही, तेव्हा कूलरही होत नाही.

तुझी खोली १०×१०×१० फूट, म्हणजे १,००० घनफूट. त्याच्या निम्मे धर, मिनिटाला ५०० घनफूट हवा देणारा कूलर हवा. भर दुपारी तो तासाला पाच-सहा लिटर पाणी पिईल, रात्री कमी. नळ दिवसाआड येतो ना तुमच्याकडे? मग ड्रमचा हिशेब आधी कर. कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, सावलीत बसव आणि समोरचं दार किंवा झरोका वीतभर उघडा ठेव. कूलर खोलीत ठेवून दारं लावली की तासाभरात दमट कोंडवाडा होतो, आणि लोक कूलरला नावं ठेवतात. पश्चिमेची खिडकी टाळ.

पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग पाहिजेच. पाणी भरताना बटण नव्हे, प्लगच काढ. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासून कोरडी कर, नाहीतर डासांची अंडी राहतात. गवताच्या जाळीला वास यायला लागला की ती बदलायची. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर बादलीभर पाण्यात लिंबूफूल कालवून, तासभर भिजवून धुवायची. ब्रश मारू नकोस, कागद फाटतो.

तो डबा मागवलाच असेल, तर पाकीट उघडताना न थांबता व्हिडिओ काढ. परतीच्या अटीत 'फक्त बदलून मिळेल' लिहिलंय की पैसे परत, ते आज बघ. पैसे अडकले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. अभ्यासाच्या टेबलावर, तोंडापासून दीड फुटावर ठेवलास तर कोरड्या दुपारी चेहऱ्याला थोडं बरं वाटेल. टेबल फॅनसमोर ओला पंचा टाकला तरी तेच होतं.

खिडकीच्या चौकटीची आतली रुंदी-उंची मोजून कळव, आणि गज आहेत की नाहीत तेही. स्टँड इथल्या वेल्डिंगवाल्याकडून करून एसटीने पाठवतो.

तुझे अप्पा